करटोली
करटोली : (कंटोली, हिं. खेकसा, ककोडा, गु. कंकोडा, कों. फागला, क. माडहागल, सं. कर्कोटकी, लॅ. मोमोर्डिका डायोइका; कुल–कुकर्बिटेसी). कारल्याच्या प्रजातीतील ही बहुवर्षायू व मांसल मुळांची वेल भारतीय उपखंडात बहुतेक सर्वत्र रानटी अवस्थेत आढळते. महाराष्ट्रात कोकण, सह्याद्रीचे उतार व विदर्भातील झुडपी जंगले यांत, तसेच शेताच्या कुंपणांवर ती सामान्य आहे. खोड बारीक, कोनयुक्त व तणाव्यांच्या आधाराने वर चढणारे, तणावे अशाखित, पाने साधी, एकाआड एक, तळाशी हृदयाकृती, अखंड किंवा ३–५ खंडांत कमीअधिक विभागलेली, फुले पिवळी, एकलिंगी व विभक्त वेलींवर येतात. फळ अंडाकृती, टोकाशी निमुळते, मऊ काट्यांनी आच्छादलेले, कोवळेपणी हिरवे व पिकल्यावर नारिंगी असून आत तांबड्या गरात बी असते. पहिल्या पावसाबरोबर जमिनीतील मुळापासून नवे कोंब फुटतात, पावसाळाभर वेल वाढते व फळते आणि हिवाळ्याच्या आरंभी जमिनीवरील सर्व भाग वाळून जातो. मूळ मात्र जमिनीत जिवंत राहते.

पावसाळ्यात दोन–तीन महिने ही फळे बाजारात येतात व कारल्याची कडू चव त्यांत नसल्याने त्यांना चांगली मागणी असते. महाराष्ट्रात विकली जाणारी पुष्कळशी करटोली आजही रानातून गोळा केलेली असतात. लागवड वाढू लागली असली, तरी तिचा वेग मंद आहे. मागणी, भाव व हवामान ही तिन्ही अनुकूल असताना असे व्हावे, याचे मुख्य कारण अभिवृद्धीच्या (संख्यावाढीच्या) अडचणीत आहे. काकडी, दोडका, दुधी भोपळा इ. भाज्यांचे बी आळ्यात टोकले की काम भागते. करटोलीचे तसे नाही.

नर व मादी वेली : कुकर्बिटेसी कुलातील लागवडीच्या बहुतेक भाज्यांत नर-फुले व मादी-फुले एकाच वेलीवर येतात, करटोलीत ती निरनिराळ्या वेलींवर असतात. तिच्या शास्त्रीय नावातील ‘डायोइका’ (दोन घरे असलेली) या शब्दाचा हाच अर्थ आहे. हे नाव रॉक्सबर्ग यांचे असून व्हिल्डेनो यांनी ते १८०५ मध्ये प्रसिद्ध केले. भारतीय वैद्यकात हा भेद त्याच्या पुष्कळच आधीपासून परिचित होता. फळे न धरणाऱ्या वेलीस ‘वंध्या कर्कोटकी’ म्हटले आहे व मराठीत तिलाच ‘वांझ करटोली’ म्हणतात. निरीक्षण अचूक असले, तरी नाव काहीसे अन्यायकारक आहे. कारण ही वेल वांझ नसून नर असते व तिच्या परागावाचून शेजारच्या मादी वेलीला फळ धरत नाही. या नावामुळे पुष्कळ ठिकाणी नर वेली निरुपयोगी समजून उपटून टाकल्या जातात आणि पुढच्या वर्षी मादी वेलींवरची फुले फळ न धरताच का गळतात, याचा उलगडा होत नाही.

फुले येण्यापूर्वी नर व मादी वेली पानांवरून किंवा खोडावरून खात्रीने ओळखता येत नाहीत. तोंडलीच्या नर वेलीत इतर गुणसूत्रांहून ठळकपणे मोठे असे वाय्-गुणसूत्र सूक्ष्मदर्शकाखाली दिसते. करटोलीत असे वेगळे दिसणारे लिंग-गुणसूत्र आढळलेले नाही. फुलावर आल्यावर मात्र ओळख सोपी असते. मादी-फुलाच्या पाकळ्यांखाली सूक्ष्म काट्यांचा किंजपुट लहानशा करटोलीसारखा कळीच्या अवस्थेतच दिसतो. नर-फुलास तो नसतो. त्याच्या बारीक देठाच्या टोकाशी, फुलाला लगटून, टोपणासारखे एक छद (फुलाच्या तळाचे पान) असते. अभिवृद्धीसाठी निवडावयाच्या वेली याच वेळी, म्हणजे जुलै–ऑगस्टमध्ये, निरनिराळ्या रंगांच्या चिंध्या किंवा सुतळ्या बांधून ठेवणे आवश्यक असते. वेल वाळल्यावर मुळावरून लिंग सांगता येत नाही.

बियांपासून अभिवृद्धी : बियांपासून वाढविलेल्या वेलींत नर व मादी सुमारे निम्मे-निम्मे असतात. दोन मी. अंतरावर वेली लावल्यास हेक्टरी २,५०० वेली बसतात. त्यांपैकी सुमारे १,२५० नर निघणार, परंतु परागणासाठी त्यांच्या एक-पंचमांश नर वेलीही पुरतात. राहिलेल्या सुमारे एक हजार आळ्यांत घातलेले खत, मांडवाचा खर्च व मुख्यतः एक पावसाळा वाया जातो. दुसरी अडचण बियांच्या सुप्तावस्थेची. बीजकवच कठीण असून ताजे बी पेरल्यास बहुधा रुजत नाही; पाच-सहा महिने साठविल्यावर किंवा कवच काळजीपूर्वक फोडून काढल्यावर उगवण सुधारते, तरी ती एकसारखी होत नाही. शिवाय बियांपासूनच्या वेली मुळांपासूनच्या वेलींपेक्षा उशिरा फुलतात. काही वेली पहिल्या पावसाळ्यात नुसते मूळ पोसतात व फुलावर दुसऱ्या वर्षी येतात. त्यामुळे नर-मादीचा निर्णयही तितकाच लांबतो. प्रत्येक आळ्यात तीन-चार बिया टोकून फुलोऱ्यानंतर जादा नर काढून टाकणे हा एक उपाय आहे, पण एकमेकींत गुंतलेल्या वेलींतून नेमकी एक वेल मुळासकट काढणे वाटते तितके सोपे नसते. बियांचा खरा उपयोग नवे प्रकार निवडण्यासाठी होतो. कारण फळांचा आकार, काट्यांची दाटी, बियांचे प्रमाण व उत्पन्न यांबाबत रानटी वेलींत पुष्कळ विविधता असून ती बियांतूनच पुढे येते.

मुळांपासून अभिवृद्धी : लागवड करणारे लोक करटोलीच्या जमिनीतील भागास ‘कंद’ म्हणतात. वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने तो कंद नसून अन्नसाठ्यामुळे फुगलेले मूळ आहे आणि हा भेद केवळ पारिभाषिक नाही. बटाट्याच्या ग्रंथिक्षोडावर (फुगलेल्या भूमिगत खोडावर) सर्वत्र डोळे असतात व त्याच्या कोणत्याही डोळा असलेल्या फोडीपासून नवे झाड होते. करटोलीच्या मुळावर असे डोळे नसतात. नवे कोंब मूळ व खोड यांच्या सांध्यापाशी, म्हणजे मुळाच्या माथ्यावर, असलेल्या कळ्यांतून फुटतात. मूळ आडवे कापून चकत्या लावल्यास माथ्याची चकती फुटते. खालच्या चकत्या क्वचितच फुटतात व बहुधा कुजून जातात. बटाट्याच्या अनुभवावरून करटोलीचे बेणे करणाऱ्यांचे नुकसान होते ते येथे.

मुळाचे तुकडे करावयाचे असल्यास ते उभे करतात. माथ्यापासून खालपर्यंत सुरी चालवून दोन ते चार फाळ्या अशा करतात की, प्रत्येक फाळीला माथ्याचा व त्यावरील निदान एका कळीचा वाटा मिळेल. सुरी स्वच्छ व धारदार असावी लागते. कापलेले पृष्ठ सावलीत एक-दोन दिवस सुकू देतात व त्यावर कवकनाशकाची पूड किंवा चुलीतील चाळलेली राख चोळतात. ओल्या जखमेसह फाळी भिजलेल्या मातीत गेली, तर ती सडण्याचा संभव फार असतो. लहान मुळे न कापता अखंड लावणेच श्रेयस्कर असते. कारण कोंबाला सुरुवातीचे अन्न मुळातूनच मिळते व लहान फाळीपासून निघालेली वेल पहिल्या वर्षी अशक्त राहते.

मुळे काढण्याची योग्य वेळ वेल पूर्ण वाळल्यानंतरची, म्हणजे हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंतची होय. त्या वेळी मूळ सुप्तावस्थेत असते व त्यातील अन्नसाठा पूर्ण झालेला असतो. पावसाळ्यात, वेल हिरवी असताना, खणलेले मूळ कमी पोसलेले असते व लवकर सुरकुतते. काढलेली मुळे न धुता सावलीत, किंचित ओलसर वाळूत थर देऊन ठेवतात; नर व मादी मुळांचे ढीग प्रथमपासून वेगळे ठेवतात. मेअखेरीस वळवाच्या सरींबरोबर माथ्यावरील कळ्या फुगू लागतात, तेव्हा लावणी करतात. मूळ उभे, माथा वर करून लावतात व माथ्यावर दोन बोटे माती येईल इतपतच खोल पुरतात. उलटे लावलेले मूळही कधीकधी फुटते, पण कोंब वळसा घेऊन वर येईतो निम्मी शक्ती खर्च होते.

या पद्धतीने मिळालेली वेल मातृवेलीच्याच लिंगाची व गुणांची असते. ती लवकर फुलते, एकदा लावल्यावर तेच मूळ पुढील काही वर्षे दर पावसाळ्यात फुटत राहते आणि दरवर्षी लावणीचा खर्च येत नाही. उणीव एकच आहे, पण ती मोठी आहे. करटोलीच्या एका वेलीला सामान्यतः एकच मुख्य मांसल मूळ असते व ते भराभर वाढत नाही. एका मुळाच्या वर्षाकाठी दोन-चारच फाळ्या होत असल्याने एका उत्तम मादी वेलीपासून एका हेक्टराचे बेणे तयार होण्यास कित्येक वर्षे लागतात. ही घाई टाळता न आल्याने रानातील मुळे खणून आणण्याकडे कल होतो. त्यांत नर-मादीची खात्री नसते व त्या जागी पुढच्या पावसाळ्यात फळ गोळा करणाऱ्याला वेलही मिळत नाही.

पूर्व भारतात ‘काकरोल’ या नावाने लागवडीत असलेली वेल (मोमोर्डिका सबअँग्युलेटा, उपजाती रेनिजेरा) हिच्याशी पुष्कळदा करटोलीची गल्लत केली जाते. तिची फळे मोठी असून तिच्या पसरत्या मुळांवर अनेक आगंतुक गाठी तयार होतात. प्रत्येक गाठीपासून नवी वेल होत असल्याने तिचे बेणे सहज वाढते. आसाम, प. बंगाल, ओडिशा व बांगला देश येथे तिची लागवड रुळण्यामागे हे एक मोठे कारण आहे. करटोलीत गुणसूत्रांची संख्या २ क्ष = २८, तर काकरोलमध्ये ५६ आहे. सह्याद्रीत आढळणाऱ्या मोठ्या पिवळ्या फुलांच्या एका वेलीस २००७ मध्ये मोमोर्डिका सह्याद्रिका हे स्वतंत्र जातीचे नाव देण्यात आले. तिची फुले सकाळी उमलतात, करटोलीची सायंकाळी. तिची फळेही लोक करटोलीप्रमाणेच खातात. रानातून आणलेले बेणे यांपैकी कोणत्या जातीचे आहे, हे फुले कधी उमलतात यावरून पडताळता येते. नर वेली एका जातीच्या व मादी वेली दुसऱ्या जातीच्या लावल्यास फुले उमलण्याच्या वेळाच जुळत नाहीत.

छाट कलमांपासून अभिवृद्धी : बेणे जलद वाढविण्याचा दुसरा मार्ग म्हणजे खोडाचे तुकडे (छाट कलमे) लावणे. कुकर्बिटेसी कुलात या पद्धतीची दोन प्रसिद्ध उदाहरणे आहेत. तोंडलीच्या जून, पेन्सिलीएवढ्या जाड खोडाचे तीन-चार पेऱ्यांचे तुकडे थेट आळ्यात लावले तरी मुळे धरतात. महाराष्ट्रात तोंडलीची लागवड अशीच होते. उत्तर प्रदेश, बिहार व प. बंगाल या राज्यांत परवल (ट्रायकोसँथस डायोइका) पावसाळा संपताना जून वेलीचे एक-दीड मी. लांबीचे तुकडे घेऊन त्यांची इंग्रजी आठच्या आकड्यासारखी गुंडाळी करून लावतात. या गुंडाळीला तिकडे ‘लच्छी’ म्हणतात. गंगेच्या काठच्या गाळपेर जमिनींत ओसरत्या पुरामागोमाग या लच्छ्या लावल्या जातात.

करटोलीचे खोड या दोहोंपेक्षा नाजूक व अल्पायुषी असल्यामुळे हीच रीत तिला जशीच्या तशी लागू पडत नाही. कोवळ्या शेंड्याचे तुकडे कुजतात, अगदी तळाचे खोड एका वेलीवर थोडेच मिळते. निवड केलेल्या मादी वेलीच्या मधल्या व खालच्या भागांतून दोन-तीन पेऱ्यांचे तुकडे सकाळी कापून घेतात, खालच्या पेऱ्याजवळची पाने काढतात व वरचे एक पान अर्धे ठेवतात. खालचा छेद पेऱ्याच्या लगत घेतात. कारण मुळे मुख्यतः तेथूनच फुटतात. इंडोल ब्युटिरिक अम्लासारख्या वृद्धिसंप्रेरकात तो भाग बुडवून घेतल्यास मुळे अधिक व लवकर येतात. तुकडे वाळू व कुजलेले शेणखत यांच्या मिश्रणात, सावलीत व दमट हवेत लावतात. खालचे पेर मिश्रणाच्या आत व वरचे बाहेर राहिले पाहिजे. दोन ते तीन आठवड्यांत मुळे धरतात. पान ताजे दिसणे हा मुळे धरल्याचा पुरावा नव्हे; बगलेतील कळी फुटून नवे पान उघडले म्हणजे कलम लागले असे समजतात.

येथे खरी कसोटी मुळे फुटण्याची नसून मूळ फुगण्याची आहे. हिवाळ्यात वेल वाळणारच. तोपर्यंत कलमाच्या मुळाने पुरेसा अन्नसाठा केला नसेल, तर पुढल्या जूनमध्ये त्यातून काहीच उगवत नाही. सप्टेंबरमध्ये लावलेली, वरवर उत्तम दिसणारी कलमे अशी पुष्कळदा दगावतात. म्हणून तुकडे वेलीचे लिंग कळताच, शक्यतो जुलैमध्ये, घेतात. मुळे धरल्यावर कलमे लगेच मोठ्या पिशव्यांत किंवा जमिनीत हलवितात आणि पहिल्या वर्षी आलेली फुले खुडून टाकतात. ही कलमे त्या वर्षीच्या उत्पन्नासाठी नसून पुढच्या वर्षीच्या मुळांसाठी असतात. ऊतक संवर्धनानेही करटोलीची रोपे प्रयोगशाळेत मिळविण्यात यश आले आहे, परंतु खर्चामुळे ती पद्धत सामान्य लागवडीत आलेली नाही.

नर वेलींचे प्रमाण व परागण : साधारणतः आठ ते दहा मादी वेलींमागे एक नर वेल ठेवतात. हेक्टरी २,५०० वेलींत सुमारे २५० नर वेली पुरतात. त्या एका कडेला एकत्र न लावता शेतभर सारख्या अंतरावर विखरून लावतात. तोंडलीच्या लागवडीतील काही प्रकारांत परागणावाचूनही फळ धरते; त्या सवयीने करटोलीच्या फक्त मादी वेली लावल्यास वेली उत्तम वाढतात व फळे येत नाहीत. करटोलीची फुले दिवस मावळताना उमलतात, त्यांना मंद कस्तुरीसारखा वास असतो व निशाचर पतंग त्यांकडे येतात. संध्याकाळी कीटकनाशकांची फवारणी टाळणे त्यामुळे इष्ट ठरते. कीटक कमी असल्यास नर-फुल खुडून त्याचे परागकोश मादी-फुलाच्या किंजल्कावर हलके टेकवितात. काकरोलच्या लागवडीत हे हस्तपरागण पूर्व भारतात नित्याचे आहे. तेथे ते सकाळी करतात.

केवळ मादी वेली हाताशी असल्यास सिल्व्हर नायट्रेटाचा विरल विद्राव फवारून त्यांवर द्विलिंगी फुले आणता येतात, असे प्रयोगांत आढळले आहे. पीकसुधारणेच्या कामात या रीतीचा उपयोग होतो.

लागवड : निचऱ्याची, सेंद्रिय द्रव्ययुक्त मध्यम जमीन चांगली. भारी काळ्या जमिनीत मुळाभोवती पाणी साचून ते सडते. अशा जागी उंच वरंब्यावर लावतात. दोन-दोन मी. अंतरावर खड्डे करून त्यांत शेणखत मिसळतात. वेल फार जड नसल्याने बांबूची ताटी, तारेचा मांडव किंवा शेताचे कुंपण यांपैकी कोणताही आधार चालतो. फळे बी कठीण होण्यापूर्वी, हिरवी असतानाच, एक-दोन दिवसांआड तोडतात. पिवळट झालेल्या फळाला भाव मिळत नाही व ते वेलीवर ठेवल्यास नवी फळधारणा मंदावते. हिवाळ्यात वाळलेली वेल जमिनीलगत कापून मुळाच्या जागी खूण करतात. उन्हाळ्यात पाणी देत नाहीत. त्या काळात त्या जागेवर नांगर फिरू नये एवढीच दक्षता घेतात.

फळमाशी ही मुख्य कीड असून ती कोवळ्या फळात अंडी घालते. किडकी फळे वेचून जमिनीत खोल पुरतात. तांबडे भुंगेरे पाने खातात. बेण्याच्या दृष्टीने अधिक चिंतेची बाब म्हणजे मुळांवर गाठी करणारे सूत्रकृमी व पाने आखडणारे विषाणुजन्य रोग. बियांच्या लागवडीत यांतून पुष्कळशी सुटका होते. मुळे व कलमे यांबरोबर ते एका शेतातून दुसऱ्या शेतात, एका वर्षातून दुसऱ्या वर्षात जातात. पाने चुरडलेल्या किंवा मुळावर बारीक गाठी दिसणाऱ्या वेलीपासून, ती कितीही फळत असली तरी, बेणे घेत नाहीत.

रायपूर येथील इंदिरा गांधी कृषी विश्वविद्यालयाने निवड पद्धतीने ‘इंदिरा कंकोडा–१’ हा प्रकार लागवडीत आणला. भुवनेश्वर येथील केंद्रीय उद्यानविद्या प्रयोग केंद्राने ‘अर्का नीलाचल श्री’ हा करटोलीचा व ‘अर्का नीलाचल गौरव’ हा काकरोलचा प्रकार निवडला आहे. दोन जातींची नावे सारखी असल्याने बेणे मागविताना जात विचारून घेणे जरूरीचे असते.

उपयोग : कोवळ्या फळांची भाजी कांदा व ओले खोबरे घालून किंवा चण्याच्या डाळीबरोबर करतात, काप तळूनही खातात. जून फळातील बिया काढून टाकाव्या लागतात. कोवळे शेंडे व पाने यांचीही काही भागांत भाजी करतात. आयुर्वेदात मूळ औषधी मानले असून वंध्या कर्कोटकीच्या, म्हणजे नर वेलीच्या, मुळास विशेष महत्त्व दिले आहे. औषधासाठी ही मुळे रानातूनच खणली जातात.